सुशीलाचं कुटुंब

सुशीला गेली, हे मला तिच्या सासूनं सांगितलं. सकाळी माझ्या दारात उभ्या राहिल्या नि म्हणाल्या, “माजी पोर गेली गं...” सून नाही, पोर म्हणाल्या. दीड महिना होत आला, ते कानातून जात नाही. पण मी रडगाणं गायला बसलेली नाही. माझ्या मैत्रिणीनं काय करून दाखवलं ते चार लोकांना कळावं, म्हणून हा खटाटोप.

आम्ही दोघी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या औषध कारखान्यात पॅकिंगला. तिचा नवरा लग्नानंतर लवकरच गेला. सगळे म्हणाले, माहेरी जा. ही बया सासूला घेऊन कारखान्याजवळच बोनकोड्यात भाड्याच्या खोलीत राहिली, कारण गावचा दीर आईला धड जेवायलाही घालत नव्हता. मग एक दिवस घरमालकीण म्हणाली, “बाय, पोराचा लगीन हाय. खोली लागल आमाला.” तिचंही काही चुकत नव्हतं. पण खोली गेली की सासू पुन्हा त्या दिराच्या दारात...

तेव्हा वाशीत भाड्याची नवी घरं तयार होत होती. एकाच जिन्यात इंजिनियर, कारकून नि आमच्यासारख्या कामगार बायका. भाडं ज्याच्या त्याच्या पगाराकडे बघून. अट अशी की नोकरी इथली हवी आणि कुटुंब हवं. एकट्या माणसाला घर नाही. सासूला धुवट लुगडं नेसवून ही घरवाटपाच्या कचेरीत गेली. मी होतेच सोबत.

“कुटुंब कुठंय तुमचं?” साहेबांनी विचारलं.

“ही काय, शेजारी बसलीय.”

“अहो, या सासूबाई! कुटुंब म्हणजे...”

“म्हणजे बायको, ना? ‘आमचं कुटुंब गावी गेलंय’ म्हणता तुम्ही लोक. मी कामावरून येते तेव्हा जिनं भाकरी टाकलेली असते, ते माझं कुटुंब. तुमचं काय वेगळं असतं?”

अगं बाई! अख्खी कचेरी हसली. साहेब म्हणाले, “आज घरी जाऊन सांगतो आमच्या कुटुंबाला.” आणि घर मिळालं. पण सही करताना ही परत अडली. म्हणे, दोघींचं नाव लावा.

“नोकरी तुमची. आजींचं नाव कशाला?”

“उद्या मी नसले तर यांनी कुठं जायचं?”

मी चिमटा काढला, “शुभ बोल नाऱ्या!” पण ती ढिम्म. दोन्ही नावं लागली तेव्हाच खुर्चीवरून उठली.

समोरच्या इंजिनियरीणबाई सुरुवातीला नाक मुरडायच्या. सुशीला म्हणायची, “वहिनी, पाणी तुम्हाला नि आम्हाला एकाच टाकीतलं येतं हो.” पुढे त्याच आपलं तान्हं बाळ सासूबाईंकडे ठेवून निर्धास्त बाजारात जायला लागल्या.

परवा संध्याकाळी मी सासूबाईंकडेच होते. कचेरीतला नवा माणूस चौकशीला आला. घर कुणाचं, हा प्रश्नच नव्हता; सासूबाईंचं नाव लागलेलंच होतं. काय अभिमान वाटला मला माझ्या मैत्रिणीचा! जाता जाता तो म्हणाला, “आजी, एकट्या राहता, नि दार असं सताड उघडं?”

“एकटी कशी?” सासूबाई म्हणाल्या. “शिफ्ट सुटली आसंल. माज्या सुनंची यायची वेळ झाली.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “राहू दे उघडं.”