निळी पडलेली धार

२००१ साली, पोळ्यानंतरच्या पहिल्या आठवडी बाजारात, आष्टीच्या भागरथाबाई लोहारणीला चारचौघांत लबाड ठरवलं गेलं. पुलगावच्या एका दुकानदाराने तिच्या डझनभर सुऱ्या तिच्याच पोत्यावर फेकल्या. धार टिकत नाही, ट्रकच्या कमानीचं पोलाद सांगते अन् घर बांधायच्या सळाखी ठोकते, म्हणाला. गिऱ्हाइकांनी हातातले विळे खाली ठेवले. पुढच्या बाजारीही कोणी तिच्याकडे फिरकलं नाही.

मी एका कारखान्यात हीट ट्रीटमेंटला, म्हणजे पोलाद तापवून कडक करायच्या कामावर होतो. सुटीत कारागिरांच्या संघटनेची पत्रकं लिहायचो. तिच्या बाजूने पत्रक लिहायला गेलो, तर बाई म्हणाली, "कागद मंग लिहजो. पहिले सुरी पाह्य."

दुकानात तिच्या सुरीला 'शिकारी सुरी' म्हणत. शिकार कायद्याने बंद, नाव चालू. लोक बोकड सोलायला नेत. शेजारी स्टेनलेसची सुरी असे. ती गंजत नाही, पण स्वस्तातली लवकर बोथट होते. कमानीच्या, म्हणजे ट्रकच्या स्प्रिंगच्या पट्टीच्या पोलादात कार्बन भरपूर. पुसलं नाही तर गंजतं, पण धार धरून ठेवतं. मात्र पाणी नीट दिलेलं हवं. म्हणजे लाल तापवून तेलात विझवायचं. मग ते कडक होतं आणि काचेसारखं तडकतंही. म्हणून पुन्हा मंद तापवायचं, गव्हाळ रंग येईपर्यंत. हा रंग बाई नजरेने धरायची. आमच्या कारखान्यात तापमानाचा मीटर होता, तरी माल रिजेक्ट व्हायचा. गव्हाळ ओलांडून निळा आला, की धार मऊ पडली.

तिच्याकडे उरलेल्या सुरीच्या धारेवर कानस घातली. घसरली. म्हणजे कडक. परत आलेल्या सुरीवर घातली, तर कानस रुतली. पोलाद एकच, भट्टी एकच. मग मुठीलगत बारकाईने पाहिलं. तिथे निळा पट्टा होता; बाकी पातं घासून चकचकीत केलेलं.

दोन्ही सुऱ्या घेऊन पुलगाव गाठलं. "सेठ, ही ग्राइंडरवर कोणी धरली?"

"मीच. स्टेनलेसच्या बाजूले काळी सुरी कोण घेते, भाऊ? निळी पडली तं बफ मारला."

कोरड्या ग्राइंडरने धार तापवली, बफने, म्हणजे पॉलिशच्या चाकाने, पुरावा पुसला, फक्त मुठीपाशी बफ पोचला नाही. आणि लबाड कोण ठरलं? बाई! सेठ म्हणाला, पुन्हा ऑर्डर देतो, विषय संपवा. मी निरोप नेला. बाईने ऑर्डर नाकारली. बाजारात बोलला, बाजारातच ये म्हणाव.

पुढच्या बाजारी तो आला. सुऱ्यांकडे पाहत पुटपुटला, "बाईचं पाणी बरोबर होतं. गलती माह्या ग्राइंडरची."

"मले आलं आयकू," बाई म्हणाली. "त्या कोपऱ्यावरच्या कांदेवालीले नाई आलं."

तो पुन्हा बोलला, मोठ्याने. कांदेवालीने मान हलवली. मग बाईने त्या सगळ्या सुऱ्या भट्टीत घालून नव्याने पाणी दिलं.

चमक पाहून पोलाद ओळखता येत नाही, एवढंच मी शिकलो. आता तुमचं काम. सुरीला धार लावायला द्याल तेव्हा समोर उभे राहा, पातं घडोघडी पाण्यात बुडवायला लावा. आणि लोहाराला भर बाजारात नावं ठेवली असतील, तर त्याच बाजारात जाऊन, कोपऱ्यापर्यंत ऐकू जाईल असं, ते शब्द परत घ्या.