वहीत सहा वेळा ‘भिजवली’

माझं माहेर पेणला आणि सासर रोह्यापलीकडे अष्टमीला. थोरल्या भावाचा, दादाचा, पेणला शाडूच्या गणपतींचा कारखाना आहे. हंगामात शनिवार-रविवार मी तिथे जाते आणि ऑर्डरींची वही सांभाळते. कुठली मूर्ती सुकली, कुठलीचे डोळे आखायचेत, कुठली मोडली.

शाडूची कच्ची मूर्ती मोडली तर काही वाया जात नाही. तुकडे टबात टाकायचे, पाणी ओतायचं, नंतर पुन्हा मळायचे. वहीत त्या नंबरापुढे मी ‘भिजवली’ लिहायचे. तडा गेला तरी भिजवली, हातातून निसटली तरी भिजवली. दादाने रागात आपटली तरी शब्द तोच.

गेल्या हंगामात गडब गावच्या गिऱ्हाइकाचा फोन आला. पाटावरचा गणपती नको, सिंहासनावरचा हवा. दादा ‘बरं’ म्हणाला, फोन ठेवला. उजवा अंगठा तळव्यावर घासू लागला. मग समोरची मूर्ती उचलून त्याने फरशीवर आपटली. मी हातभर अंतरावर होते. वहिनीने टब आणला.

तासाभराने दादाने स्वतः चहा करून माझ्या हातात दिला.

“असं काय बघतेस? माती हाय ती.”

“गणपती गेले की थंड होतील हे,” वहिनी म्हणाली. “तवर माझे हात मळून मळून मजबूत होतायत.”

आम्ही तिघं हसलो.

संध्याकाळी उरलेल्या मूर्ती मोजताना मी मागची पानं चाळली. तडा गेलेल्या, निसटलेल्या वगळल्या, तरी सहा राहिल्या. सहाही माझ्यासमोर आपटलेल्या, सहाही माझ्याच अक्षरात. आधी दोन आठवड्यांचं अंतर, मग एकाचं, शेवटच्या दोन एकाच दिवशी. दादा पाठमोरा बसून सोंड घडवत होता. आवाज होऊ नये म्हणून मी वही दोन्ही हातांनी मिटली.

पुढच्या रविवारी वहिनीच्या मनगटाला पट्टी होती. “चिखलात पाय घसरला,” ती म्हणाली. मी ‘डॉक्टरला दाखवलंस ना’ एवढंच विचारलं.

दुपारी तिने दादाला निळ्या रंगाचा डबा कुठे आहे ते दुसऱ्यांदा विचारलं. मला त्याचा अंगठा तळव्यावर घासताना दिसला. दादाच्या हातातली कोरणी सुटली आणि वहिनीच्या कानाशेजारी दाराच्या चौकटीत रुतली.

वहिनी सवयीने वाकली आणि टब ओढू लागली. पण मोडलं काहीच नव्हतं. रिकामा टब धरून ती तशीच उभी राहिली.

“दादा, उद्या अलिबागला डॉक्टरकडे जायचं,” मी म्हणाले.

“मी काय येडा हाय?”

“नाही. पण मला तुझी भीती वाटते.”

त्याने स्वतःच्या हाताकडे बघितलं. “मला पण. सुटल्यावर कळतं गो, सुटेपर्यंत कळत नाय.”

दुसऱ्या दिवशी वडखळच्या नाक्यावर गाडी अडकली. मागचा ट्रकवाला हॉर्नवरून हात काढेना. दादाचा अंगठा घासू लागला. वहिनी आणि मी एकमेकींकडे बघितलंही नाही. वाट मोकळी झाल्यावरच मी श्वास सोडला.

“किती वेळा होतं असं?” डॉक्टरांनी विचारलं.

“वर्षातनं एखाद वेळा,” दादा म्हणाला.

आदल्या रात्री त्या सहा ओळी मी वहीच्या शेवटच्या पानावर उतरवल्या होत्या. ते पान उघडून मी वही त्याच्यापुढे ठेवली आणि खुर्ची सरकवून त्याच्या आणि वहिनीच्या मध्ये आले. वही फाडेल, नाहीतर माझ्या तोंडावर फेकेल, असं वाटत होतं. त्याने सहाही ओळींवरून बोट फिरवलं.

“हे तर फक्त शनवार-रयवारचं,” तो म्हणाला आणि डॉक्टरांचं पेन मागून घेतलं.

त्याने खाली चार ओळी लिहिल्या. तिन्ही ओळींना मूर्तीचे नंबर होते. चौथीला नव्हता. तिथे लिहिलं होतं, ‘हिचं मनगट’.

वहिनीने पट्टीवर पदर ओढला.

डॉक्टरांनी त्याला बाहेर बसवलं आणि वहिनीला विचारलं, आज घरी जायला भीती वाटते का. ती माझ्याकडे बघत म्हणाली, “व्हय.”

तिला मी तिथूनच रोह्याच्या गाडीत बसवलं आणि अष्टमीला आणलं. दादा एकटाच पेणला गेला. गोळ्या सुरू आहेत, दर गुरुवारी डॉक्टरांकडे जातो, रोज संध्याकाळी मला फोन करून दिवसात किती मोडल्या ते सांगतो. मी लिहून घेते. आता शब्द ‘आपटली’ असतो. फोन वाजला की वहिनी गॅस बारीक करून दारात येऊन उभी राहते.