पक्षाचं नाव मोठ्याने

अमेरिकेतल्या आमच्या गावी, अध्यक्षपदाच्या प्राथमिक निवडणुकीत कोणत्या पक्षाची मतपत्रिका हवी ते टेबलावरच्या बाईंना तोंडाने सांगावं लागतं. मतदानाच्या रांगेत माझ्या पुढच्या आजींनी ते अख्ख्या हॉलला ऐकवलं. माझ्यामागे मित्र जोशी होता.

गेल्या महिन्यात त्याच्या घरी जेवताना, "वहिनी, तुम्ही तर पक्क्या डाव्या!" म्हणून सगळे माझ्या बायकोला हसले. ती एकटी भांडली. माझं मतही तेच होतं, पण मी खाली मान घालून श्रीखंड खात राहिलो.

"तू आपलाच रे," आता रांगेत मागून जोशी पुटपुटला.

मी बायकोच्या पक्षाचं नाव खणखणीत घेतलं. त्या पक्षाचंही सगळं मला पटत नाही. एवढ्याशा शब्दात माणूस मावतो कुठे? पण हसायचंच असेल, तर आता दोघांना हसा.