दोरसानीचा डबा

"रिकामं नको, अक्का, रिकामं नको! स्वल्प थांबा!"

असं कानडी मिसळून मला जरा थांबायला सांगून ती एका हातानं आमचा डबा छातीशी धरायची आणि दुसऱ्या हातानं आपल्या लांब झग्याचे खिसे चाचपायची. खिशात काही सापडलं नाही की घरात धावायची. मी आपली तिच्या फाटकापाशी उभी. आतून कपाटं उघडल्याचे, काहीतरी पडल्याचे आवाज यायचे. मग बाई बाहेर यायची, लालबुंद होऊन, आणि डब्यात कधी लिंबू असायचं, कधी साखरेची पुडी, तर एकदा नुसतं दोऱ्याचं रीळ.

नाव होतं तिला, पण ते आमच्या गल्लीत कुणाच्या जिभेवर बसलं नाही. गोऱ्या बाईला इथं कानडीत दोरसानी म्हणतात, तेच नाव पडलं. पन्नास-पंचावन्नचा तो काळ. चामराजपेटेत आमच्या समोरचं कौलारू घर मिशननं भाड्यानं घेतलं आणि ही दोघं नवराबायको तिथं राहायला आली. पाद्रीसाहेब दिवसभर आनेकलच्या बाजूच्या खेड्यांत हिंडायचे. ही घरी. तिला दिवस गेले होते, उन्हानं जीव नकोसा झाला होता, आणि कानडी शिकवायला येणारे मास्तर सोडले तर बोलायला माणूस नाही.

आमच्या सासूबाई सोवळ्याओवळ्याच्या कडक, पण गरोदर बाई समोर एकटी बसलीय म्हटल्यावर त्यांना घास गिळवेना. उगादीला, म्हणजे पाडव्याला, त्यांनी पितळेच्या डब्यातून पुरणपोळ्या पाठवल्या. चार दिवसांनी दोरसानी डबा घेऊन स्वतः आली. राखेनं घासून घासून असा लखलखीत केला होता की त्यात तोंड दिसावं! मोठ्या अभिमानानं तिनं तो दोन्ही हातांनी पुढे केला. सासूबाईंनी झाकण उघडलं आणि त्यांचा चेहराच उतरला. आत काही नव्हतं.

आता तुम्हीच सांगा, शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नसतं, चिमूटभर साखर तरी घालायची, हे त्या बिचारीला कोण सांगणार? मीच सांगितलं. तिनं तोंडावर हात नेला आणि तशीच घरी पळाली. परत आली ती डब्यात दोन अंडी घेऊन.

देवा रे! आमच्या देशस्थांच्या घरात अंडी! सासूबाईंनी डब्यात डोकावून पाहिलं, झाकण लावलं आणि दूधवाल्या मुनियप्पाला हाक मारली. अंडी मिळाली म्हणून तो खूश झाला. मी पदर तोंडात कोंबून हसत होते, पण सासूबाई हसल्या नाहीत. त्या दिवसापासून तो डबा दोरसानीचा म्हणून वेगळा झाला. तो ओसरीवरच्या कोनाड्यात राहायचा. आत यायचा नाही. काही द्यायचं झालं की सासूबाई दुसऱ्या भांड्यातून आणून वरून त्यात घालायच्या, शिवायच्या नाहीत.

तिला हे कळत नव्हतं असं मुळीच नाही. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेपासून ती स्वतःच डबा कोनाड्यात ठेवायची आणि दोन पावलं मागे सरायची. मला फार वाईट वाटायचं. पण त्या घरात मी सून, माझं कोण ऐकणार? तिनं मात्र तोंड कधी वाकडं केलं नाही, आणि डबा परत कधी रिकामा आणला नाही.

मुलगी झाली. रूथ. आम्ही रुती म्हणायचो. केस मक्याच्या कणसासारखे, बोलणं मात्र आमच्या गल्लीचं. "अज्जी, मला स्वल्पच द्या," म्हणत ती सासूबाईंसमोर ओसरीवर फतकल घालून बसायची आणि वाडगाभर चुरमुरे संपवायची. सासूबाई तिच्या वेण्या घालायच्या आणि मग अंघोळीला जायच्या. पुढे पुढे अंघोळीचंही विसरू लागल्या.

रुतीला सहावं लागलं आणि दोरसानीचं हसणंच आटलं. मिशनमधल्या सगळ्यांची मुलं निलगिरीवरच्या शाळेत राहायला जात. नऊ-नऊ महिने तिथंच. तशी रीतच होती त्यांची. हिनं वरिष्ठांना विनवलं, मी घरी शिकवते, निदान दोन वर्षं. पाद्रीसाहेबही बोलले. वरचे म्हणाले, एकीला सूट दिली तर सगळ्याच मागतील.

एका दुपारी ती ओसरीच्या पायरीवर येऊन बसली.

"अम्मा, तुम्ही पाठवलं असतं?" तिनं सासूबाईंना विचारलं.

"आम्ही लेकींना लग्न करून पाठवतो, तरी आमचा जीव जातो," सासूबाई म्हणाल्या. त्यांना राग आला की आवाज चढायचा. "या पोरीला अजून स्वतःची वेणी घालता येत नाही! कसली तुमची ही रीत?"

"देवाचं काम आहे म्हणतात." ती जमिनीकडे बघत होती. "मी देवाला हो म्हटलं, तेव्हा मला मूल नव्हतं, अम्मा."



रुती शाळेला जायच्या दिवशी सासूबाईंनी तोच डबा भरून बेसनाचे लाडू दिले. रुतीनं तो कुणाला हात लावू दिला नाही. टांग्यात मांडीवर घेऊन बसली.

दोरसानी तिला पोचवून परतली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याकडे आली. खिसे चाचपले नाहीत, "स्वल्प थांबा" नाही. डबा कोनाड्यात ठेवून तिथंच उभी राहिली. सासूबाई बाहेर आल्या. त्यांनी झाकण उघडलं. डबा रिकामा होता.

"तिथं मुलांचा खाऊ काढून घेतात," दोरसानी म्हणाली. "सगळ्यांचा एकत्र ठेवतात. डबा रिकामा करून तिच्या हातात दिला. तिनं तो मला दिला आणि म्हणाली, 'अज्जीला रिकामं नको, ममा. काहीतरी घाल.' माझ्याजवळ काही नव्हतं, अम्मा. मी सगळीकडे बघितलं."

सासूबाईंनी डबा उचलला. उंबरा ओलांडून तो सरळ स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. मी बघतच राहिले. आतून पळीचा आवाज आला. डब्यात ऊन ऊन सारभात कालवून, वर तूप घालून त्या बाहेर आल्या, आणि डबा तिच्या हाताला हात लावून तिच्याकडे दिला.

"जेव," म्हणाल्या. "रात्रीपासून पोटात काही नसेल तुझ्या."

ती जेवली. रडत रडत जेवली. सासूबाई शेजारी बसून तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. मला ते बघवेना, मी आत निघून गेले.

त्यानंतर डबा आमच्या फळीवर आला, आमच्या डब्यांच्या रांगेत.

साठनंतर त्यांची बदली झाली, पार आसामकडे. निघताना सासूबाईंनी डबा भरून दिला. सामान सगळं पुढे गेलेलं. दोरसानीचे हात सवयीनं खिशांकडे गेले.

"राहू दे," सासूबाई म्हणाल्या. "परत आणशील तेव्हा घाल."

ती काही परत आली नाही. सासूबाई असेपर्यंत फळीवरची ती जागा तशीच मोकळी राहिली. फळी पुसताना तिथं हात जरा जास्त वेळ फिरायचा त्यांचा. त्या गेल्या, मग पुसण्याचं काम माझ्याकडे आलं.

परवा माझी सून तिथं चहाचा डबा ठेवायला निघाली.

"तिथं नको गं," मी म्हटलं. "ती दोरसानीच्या डब्याची जागा आहे."

"कोण दोरसानी?" तिनं विचारलं.