माकडाच्या हातातला हापूस

दीड महिन्यापूर्वी लीड्सहून माझ्या मैत्रिणीच्या, कुमुदच्या नेहाचा फोन आला, तेव्हा मी पोहे भिजवत होते. "मावशी, आई गेली, सकाळी," एवढंच म्हणाली. पोह्यांचा लगदा झाला, तरी मी तशीच उभी...

आम्ही इंग्लंडात होतो तेव्हा आमचे दोघींचे नवरे हॉस्पिटलात माणसं शिवत, आणि कुमुद यॉर्कशरमधल्या एका जुन्या हवेलीच्या वर्कशॉपमध्ये फ्रान्स शिवत असे. झिजलेल्या फ्रेंच टॅपेस्ट्र्या, म्हणजे भिंतभर मोठी, लोकरीत विणलेली जुनी चित्रं, ती दुरुस्त करायची. तिची लाडकी एकच होती. छत्रीखाली फिडल वाजवणारी माकडं, उंटावर बसलेल्या मडमा, हवेत तरंगणारे मांडव. विणणाऱ्याने यातलं काहीएक पाहिलेलं नसणार, असं ती फार कौतुकाने सांगायची.

मी तेव्हा तिशीतली, शाळेत भरतकामाचं पहिलं बक्षीस मिळवलेली, म्हणजे जगातलं सगळंच येत असलेली. कुमुदची नोकरी अजून कच्ची होती. सोमवारी मुख्य बाई तिचं काम बघून ती पक्की करणार होत्या. शुक्रवारी मी मदतीला गेले आणि ती चहा आणायला खाली गेली. एका माकडाने पुढे केलेल्या हातातलं काहीतरी झिजून गेलं होतं. काय होतं, ते कुणालाच माहीत नव्हतं. मला बरं माहीत होतं! तिथे पिवळ्या लोकरीचा झकास हापूस भरला मी, देठासकट.

परत आलेल्या कुमुदने चहा बाजूला ठेवला आणि फ्रेमवर वाकून पाहिलं. मग म्हणाली, "शालू, हे माकड रत्नागिरीचं वाटलं का गं तुला?"

मी हसले. ती हसली नाही, तेव्हा कुठे मला तिची नोकरी आठवली.

शनिवार-रविवार ती एकेक टाका उसवत बसली, जुना एकही धागा न दुखवता. मी कात्री घ्यायला गेले, तर माझा हातच बाजूला केला. काढलेला धागा टाकायचा नाही, नाव घालून पाकिटात ठेवायचा, आणि पाकीट फाइलमध्ये, असा त्यांचा नियम. सोमवारी तिने बाईंना स्वतःहून सांगितलं, "माझ्या फ्रेमवर माकडाच्या हातात आंबा भरला गेला, ती चूक माझी." माझं नाव काही घेतलं नाही. बाईंनी भिंग लावून माकडाचा हात इंच इंच पाहिला आणि शेवटी विचारलं, "आंबा नक्की कुठे होता?"

पुढे पार पॅरिसहून टॅपेस्ट्र्या यायच्या, आमच्या कुमुदच्या हाताखालून जायला.

त्या माकडाचा हात आजही रिकामाच आहे. ते पाकीट मात्र फाइलमध्ये कधी गेलंच नाही. परवा भेटायला आलेल्या नेहाने कुमुदचा शिवणाचा डबा माझ्यापुढे ठेवला, तर ते तळाशी होतं. आत पिवळ्या लोकरीचे तुकडे, वर कुमुदचं बारीक अक्षर: 'शालूचा हापूस. जागा चुकली. टाके सुरेख.'