नारळ पडला!

तोंडात तर्जनी घालायची, ओली करायची आणि ताठ वर धरायची. मग डोळे बारीक करून वारा कुठून येतोय ते सांगायचं. समुद्रावर असं करणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आमचे काका हे सिंगापुरात, रॅफल्स प्लेसच्या ऑफिसात, बाविसाव्या मजल्यावर, मीटिंग सुरू होण्याआधी, एसीखाली उभे राहून करायचे. "उत्तरेकडून आहे," असं जाहीर करून ते दक्षिणेकडची खुर्ची पकडत. त्यांना सर्दी पटकन व्हायची.

काका म्हणजे माझे सख्खे काका नव्हेत. एका बँकेच्या आयटी विभागात ते माझे वरिष्ठ. मी तिशीतला, ते पन्नाशी ओलांडलेले. राहायलाही आम्ही सेंगकांगच्या एकाच ब्लॉकमध्ये, मी सहाव्या मजल्यावर आणि ते अकराव्या. ऑफिसात त्यांना 'सर' म्हणायचं आणि लिफ्टमध्ये 'काका', असा आमचा अलिखित करार होता.

त्यांचं दुसरं वैशिष्ट्य म्हणजे "आधी ठरवून घेऊ" हे वाक्य. दुपारी हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, जेवायला गेलो की टिशूचं पाकीट ठेवून टेबल अडवायचं, एवढं काम असतं. पण काका टेबलापाशी उभे राहून कोण कुठल्या रांगेत जाणार, पाणी कोण आणणार, राखण कोण करणार, हे ठरवून घेत. एकदा ठरेपर्यंत नूडल्सवाल्याने शटर ओढलं. काकांना त्याचं वाईट वाटलं नाही. सगळं ठरलं होतं ना, मग झालं.

अशा माणसाने एके दिवशी फिशबॉल तोंडात असताना सांगितलं, "आपण ग्रीसला जायचं. यॉट घेऊन. स्वतः चालवत."

कुठून खूळ शिरलं कोण जाणे. कुणाच्या तरी फेसबुकवर निळं पाणी आणि पांढरी घरं पाहिली असावीत. तिथे यॉट भाड्याने मिळते, पण चालवणाऱ्याकडे प्रमाणपत्र लागतं. ते मिळवायचं सिंगापुरातच. टोळी जमली ती अशी: काका, काकू, मी, माझी बायको केतकी आणि विद्यापीठात पोस्टडॉक करणारी आमची मैत्रीण अनघा. अनघाचा विषय हवेचे प्रवाह. त्यामुळे ती आमची तज्ज्ञ, असं ठरलं. तिला यॉट लागते हे पहिल्या रविवारी कळलं.

त्याच रविवारी काका शेंडीचा नारळ घेऊन आले. लिटल इंडियातून खास आणलेला, हळदकुंकू लावलेला. पहिल्यांदा समुद्रात जायचं तर समुद्राला नारळ नको द्यायला? आम्हा पाचांपैकी एकालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. आम्हाला शिकवायला सत्तरीकडे झुकलेले, काडीसारखे बारीक चिनी गृहस्थ होते. त्यांना आम्ही नुसतं अंकल म्हणायचो. ते दोर सोडण्यात गुंतलेले असताना काकांनी डोळे मिटले, काहीतरी पुटपुटले आणि नारळ पाण्यात सोडला.

"अय्यो! कॅनॉट थ्रो, लाह! फाइन यू, फाइन मी, एव्हरीबडी फाइन!" अंकल दंडाच्या भीतीने किंचाळले. "यू थ्रो, यू टेक बॅक!"

पुढची पन्नास मिनिटं आम्ही समुद्राला दिलेला नारळ परत मागत होतो. शिडाच्या यॉटला ब्रेक नसतो. पाण्यातल्या वस्तूपाशी थांबायचं तर वळसा घेऊन यॉटचं नाक नेमकं वाऱ्याच्या तोंडावर आणावं लागतं. मग शीड फडफडतं, वेग मरतो आणि ती वस्तू हाताशी येते. हे पुस्तकात. आमचा नारळ दर वेळी शेंडी हलवत बाजूने निघून जायचा. अनघा कठड्यावरून वाकून एकीकडे ओकत होती आणि दुसरीकडे प्रवाहाची दिशा सांगत होती. शेवटी काकूंनी दोरीला बादली बांधून टाकली आणि नारळ वर काढला.

अंकल हसून हसून खाली बसले. मग डोळे पुसत त्यांनी सांगितलं की परीक्षेत सगळ्यात महत्त्वाचं हेच असतं. कुणी पाण्यात पडलं तर मागे फिरून त्याला उचलायचं. त्या सरावासाठी बाकीचे लोक यॉटच्या कडेला टांगायचा रबरी फुगा पाण्यात टाकतात आणि "मॅन ओव्हरबोर्ड" ओरडतात. आमच्याकडे नारळ होता. काकांनी त्यावर मार्करने डोळे आणि मिशा काढल्या. त्या दिवसापासून आमच्या यॉटवर "नारळ पडला!" अशी हाळी सुरू झाली. दोन महिन्यांत अंकलसुद्धा "नालळ पल्ला!" ओरडायला लागले.

ते रविवार आठवले की मला अजून एकट्याला हसू येतं. सिंगापुरात वाऱ्याचा भरवसा नाही. कित्येकदा आम्ही नांगरलेल्या अजस्र मालवाहू जहाजांच्या पुढ्यात तासभर नुसते डुलत बसायचो. काका बोट वर करून "येईल, येईल" म्हणायचे. केतकी गाण्याच्या भेंड्या काढायची. अंकलना "थ" आला की ते "थालीपीठ" म्हणायचे. गाणं नव्हे ते, पण त्यांना दोन महिन्यांत आलेला दुसरा मराठी शब्द तोच, आणि डब्यातलं शेवटचं थालीपीठ त्यांचंच असायचं. मग एकदम वारा सुटायचा आणि पाचही जण चुकीचे पाच दोर ओढायचे.

काकूंचं मात्र वेगळं होतं. त्या कोकणातल्या, विहिरीत उड्या मारत वाढलेल्या. जी गाठ शिकायला मला तीन रविवार लागले ती त्यांनी अंकलच्या हातातून दोर घेऊन एका झटक्यात मारली. "ही तर घागरीची गाठ," म्हणाल्या. काका त्या वेळी गाठीच्या पायऱ्या वहीत उतरवून घेत होते.

काकांची परीक्षा आली, आम्ही बाकीचे त्यांच्या हाताखाली. परीक्षक एक उंच, अबोल गोरा माणूस. सगळं बरं चाललं होतं. मग त्याने रबरी फुगा पाण्यात भिरकावला.

"थांबा," सुकाणू धरलेले काका म्हणाले, "आधी ठरवून घेऊ. अनघा, तू फुग्याकडे बोट दाखवत राहा. केतकी, तू पुढचा दोर. आणि तू रे, मागचा. सगळ्यांना कळलं? काही शंका?"

मला खरंच एक शंका होती आणि मी ती विचारली. काकांनी तिचं छान निरसन केलं. तोवर फुगा इतका लांब गेला होता की अनघा कुणाकडे बोट दाखवतेय हे तिलाच कळेना. परीक्षकाने घड्याळ पाहिलं आणि शांतपणे सांगितलं, "तो माणूस बुडाला."

काका नापास झाले.

सोमवारी ते जेवायला आले नाहीत. मी शोधत गेलो तर नदीकाठच्या बाकावर डबा न उघडता बसले होते. ग्रीसची यॉट ठरलेली होती आणि त्या लोकांना महिन्याभरात प्रमाणपत्र पाठवायचं होतं. मी समजूत घालायला गेलो आणि नको ते बोलून बसलो. म्हटलं, "काका, तिकडे भाड्याने कप्तान मिळतो की. आपण आपले आरामात बसू."

त्यांनी न उघडलेला डबा बाजूला ठेवला. मग म्हणाले, "सव्वीस वर्षं मी लोकांना कामं वाटून देतोय. अरे, मी स्वतः काही केलंच नाही. एकदा, एकदाच, एखादी गोष्ट माझ्या हाताने वळलेली बघायची आहे मला. त्यात कप्तान आणून बसवू?"

मला फार लाज वाटली. बावीस मजले सोबत चढणाऱ्या माणसाला आपण किती कमी ओळखतो! त्या दिवशी त्यांच्या डब्यातली भेंडी आम्ही दोघांनी मिळून खाल्ली.

दुसरी परीक्षा तीन आठवड्यांनी. तोच परीक्षक, तेच पाणी. परीक्षकाने आमचा नारळ पाहून भुवई उंचावली आणि फुग्याऐवजी तोच उचलला. तेवढ्यात शेजारून एक मोठी टगबोट गेली, तिच्या लाटेने यॉट हलली आणि धप्पकन आवाज झाला. नारळ परीक्षकाच्या हातातच होता. पाण्यात काकू होत्या.

लाईफ जॅकेट घातलेलं होतं त्यांनी. तरी केतकीने किंकाळी फोडली. मी काकांकडे पाहिलं. आता ते ठरवून घेणार, याचीच मला भीती वाटली.

काकांनी तर्जनी तोंडात घातली आणि वर धरली. बस. एक शब्द नाही. सुकाणू फिरलं, यॉटने कूस बदलली, शीड कडाडून दुसऱ्या बाजूला गेलं. कुणी सांगायच्या आत माझ्या हातात बरोबर तोच दोर होता जो हवा होता. वळसा पुरा झाला, यॉटचं नाक वाऱ्यात आलं, शीड फडफडलं आणि आम्ही अगदी अलगद थांबलो. काकू हाताच्या अंतरावर होत्या. काकांनी सुकाणू माझ्याकडे सोपवून स्वतः वाकून त्यांना वर घेतलं आणि ओल्याचिंब बायकोला, परीक्षकासमोर, घट्ट मिठी मारली. पंचवीस वर्षांच्या संसारात चारचौघांत पहिलीच असावी. काकू इतक्या लाजल्या की पुन्हा उडी मारतात की काय असं वाटलं.

"डिड यू स्लिप, मॅडम?" परीक्षकाने विचारलं.

"यस, यस. व्हेरी स्लिपरी," काकू पदर नसलेल्या टीशर्टचा पदर पिळत म्हणाल्या.

तो माणूस वहीत बराच वेळ लिहीत राहिला. मग त्याने काकांशी हात मिळवला आणि नारळ अदबीने परत दिला. धक्क्यावर उभे असलेले अंकल दोन्ही हात वर करून नाचत होते.

ग्रीसबद्दल लिहायचं तर आणखी तेवढीच पानं लागतील. सात दिवस काकांनी यॉट चालवली. वारा एवढा जोराचा, की बोट ओलं करायची गरज पडू नये, तरी ते करत. एका छोट्या बंदरात आम्ही खिचडी लावली. कुकरची तिसरी शिट्टी होईपर्यंत शेजारच्या चार यॉट रिकाम्या झाल्या होत्या आणि बंदराचा अधिकारी आग विझवायचं नळकांडं घेऊन धावत आला होता. त्यालाही ताट वाढलं. त्याच जेवणात, ताकाचा पेला खाली ठेवत, काकू सहज बोलून गेल्या, "त्या दिवशी मी घसरले नव्हते हो."

काका घास हातात धरून बघत राहिले. "म्हणजे उडी मारलीस? अगं, आधी ठरवून तरी घ्यायचं!"

"ठरवलं असतं तर तुम्ही मला फॉर्म भरायला लावला असता," काकू म्हणाल्या. "फुग्यासाठी तुम्ही कधी वळला नसतात. माझ्यासाठी वळाल, एवढं माहीत होतं मला."

आम्ही तिघं पोट धरून हसत होतो. काका हसले नाहीत. त्यांनी काकूंच्या ताटात आपला पापड ठेवला.

परत आल्यावर चार महिन्यांत बँकेने काकांचा विभागच दुसऱ्या देशात हलवला. नोकरी गेली की एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथे राहून काम करायचा परवानाही जातो आणि मग आवरायला महिना मिळतो. काकांनी खोकी, सामान, फ्रिज, सगळं ठरवून घेऊन पंचवीस दिवसांत संपवलं. शेवटच्या रविवारी आम्ही पाचही जण अंकलची यॉट घेऊन निघालो, अंकलही सोबत आले. जरा आत गेल्यावर काका उठले आणि सुकाणू माझ्या हातात दिलं.

काकूंना वर घेताना क्षणभर धरलं होतं तेवढंच, एरवी मी सुकाणूला हात लावायचो नाही. मी दोर ओढणारा, शंका विचारणारा माणूस. "काका, मला नाही जमणार," मी म्हटलं.

त्यांनी पिशवीतून नारळ काढला. वर्षभरात तो वाळून खुळखुळत होता, मिशा पुसट झाल्या होत्या. त्यांनी तो पाण्यात टाकला, "नारळ पडला!" म्हणाले आणि यॉटच्या पुढच्या टोकाला जाऊन आमच्याकडे पाठ करून बसले.

"थांबा," माझ्या तोंडून निघालं, "आधी ठरवून घेऊ." केतकीने माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प झालो. पहिल्या वळशाला नारळ वीस हातांवरून गेला. दुसऱ्याला दहा. मी घामाघूम झालो. काकांनी एक सूचना दिली असती तर मी सुटलो असतो. आयुष्यभर सूचना देत आलेला तो माणूस तोंडातून अवाक्षर काढत नव्हता. काकू त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या. तिसऱ्या वळशाला मी बोट ओलं केलं, वर धरलं. एका बाजूला गार लागलं. मी तिकडे नाक वळवलं, शीड फडफडलं आणि अनघाने ओकता ओकता हात घालून नारळ उचलला.

आम्ही आरडाओरडा केला, शिट्ट्या मारल्या. अंकल "थालीपीठ! थालीपीठ!" म्हणून ओरडले.

आता काका-काकू पुण्याला असतात. अकराव्या मजल्यावर कुणी दुसरं कुटुंब राहतं आणि लिफ्टमध्ये मी कुणालाही काका म्हणत नाही. नारळ आमच्या घरी, टीव्हीशेजारी आहे. तो फोडायचा की समुद्राला द्यायचा हे अजून ठरलेलं नाही, कारण ठरवून घेणारा माणूस गेला. पण दर रविवारी सुकाणू हातात घेताना मला पुढच्या टोकावरची ती पाठ दिसते. त्या दिवशी आम्ही एवढं ओरडलो तरी काकांनी मागे वळून पाहिलं नव्हतं. फक्त एक ओलं बोट वर केलं होतं.