एकेचाळीस दिवस

"आवाज येऊन राहिला का?"

मासिक सभेच्या दिवशी सकाळी, रिकाम्या सभागृहात, माइकवर बोटाने दोनदा टकटक करून मामा हा प्रश्न विचारायचे. समोर नुसत्या खुर्च्या. मी शेजारच्या खोलीतून "येतोय, येतोय" म्हणून ओरडायचो. तेवढ्याने त्यांचं समाधान होत नसे. ते मला उठवून माइकपुढे उभं करत आणि स्वतः शेवटच्या रांगेत जाऊन बसत. काय बोलू म्हणून विचारलं, तर म्हणत, "काई बी बोला भाऊसाहेब. सभेत बी लोकं काई बीच बोलतेत."

मग मी वर्तमानपत्रातले सोयाबीनचे भाव वाचून दाखवायचो. मामा मान तिरकी करून ऐकायचे, उठून मशीनचं एखादं बटण केसभर फिरवायचे आणि पुन्हा जाऊन बसायचे. शेवटच्या खुर्चीला ऐकू आलं पाहिजे, हा त्यांचा हट्ट. शेवटच्या रांगेत बसणारे सदस्य सभेत बहुधा झोपलेले असत, ही गोष्ट वेगळी.

आमची पंचायत समिती लातूर आणि नांदेड जिल्ह्यांच्या सीमेवरची. तालुक्याचं नाव मुद्दाम सांगत नाही. माझी नोकरी अजून शिल्लक आहे. मी आस्थापनेच्या टेबलावर, म्हणजे कोण रुजू झालं, कोण बदलून गेलं, कुणाची रजा, कुणाची बढती याचे कागद रंगवणारा. मामा कंत्राटी. सभागृह, पाण्याची मोटर आणि मागची बाग त्यांच्याकडे. बाग म्हणजे चार कण्हेरी आणि एक कायमचं बंद कारंजं. माझ्यापेक्षा ते जेमतेम दोन वर्षांनी मोठे, पण बीडीओ साहेबांपासून सगळे त्यांना मामाच म्हणत.

ते मूळचे देगलूरकडचे, आई राज्याच्या सीमेपलीकडची. खुर्च्या मोजताना ते तेलुगूत मोजायचे, "ओकटि, रेंडु, मूडु". कुणी मध्येच बोललं की पुन्हा पहिल्यापासून. मराठीत मोजा की, म्हटलं तर म्हणायचे, "मराठीत चुकते."

सदस्यांच्या नावाच्या पाट्या मांडणं हे त्यांचं खरं कसबाचं काम. कोण कुणाशेजारी बसेल आणि कोण बसणार नाही, हे त्यांना आधी कळायचं. एकदा त्यांनी दोन सख्ख्या मित्रांच्या पाट्या दोन टोकांना लावल्या. सभापती चिडले. मामा खालमानेने म्हणाले, "परवा दोघं येगळ्या जीपमधी आले, साहेब." त्याच सभेत त्या दोघांची अशी जुंपली की मधे चार खुर्च्या होत्या म्हणून बरं झालं. पुढे तालुक्यातले पत्रकार सभेच्या आधी येऊन फक्त पाट्या बघून जायचे.

तुम्ही सरकारी कचेरीच्या आसपास वावरला असाल तर 'खंड' हा शब्द तुमच्या कानावरून गेला असेल. कंत्राटी माणसाला अकरा महिन्यांची ऑर्डर मिळते. अकरा महिने भरले की त्याला एक दिवस घरी बसवायचं आणि दुसऱ्या दिवशी नवी ऑर्डर द्यायची. त्याने सलग नोकरी केली, असं त्याला म्हणता येऊ नये, एवढ्यासाठी हा उपद्व्याप. तो एक दिवस मी दर वेळी माझ्या हाताने लिहायचो. जमलं तर रविवारला जोडून द्यायचो. माझी दया तेवढीच.

त्या दिवशी मामा घरी बसत नसत. गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर येऊन बसत. आत या म्हटलं तरी येत नसत. "आज मी हितला न्हाई," म्हणायचे. आत मोटर बंद पडली की आमचा शिपाई गेटपर्यंत पळत जाई आणि मामा गजांतून बोट दाखवत सांगत, "डावा वॉल अर्धा फिरव. अर्धाच. आरं, अर्धा म्हन्लं ना!" आम्ही खिडकीतून बघून हसायचो.

एकदा खंडाच्याच दिवशी जिल्ह्याहून मोठे साहेब तपासणीला आले. बीडीओ साहेबांनी मामांना टपरीवरून उठवून आणलं. मामांनी सभागृह लावलं, माइक लावला, दिवसभर राबले. संध्याकाळी मी म्हटलं, मामा, आजची हजेरीची सही करून टाका, खंड पुढे ढकलू. त्यांनी कानाला हात लावले. "माझी सही झाली तर तुमची ऑर्डर खोटी व्हईल, भाऊसाहेब." माझ्या ऑर्डरचा एवढा मान माझ्या घरच्यांनीही कधी ठेवला नाही.

असं सगळं गमतीत चाललं होतं, म्हणजे आम्हाला तसं वाटत होतं. मग एका वर्षी त्यांची फाइल मंजुरीसाठी जिल्ह्याला गेली आणि निवडणुकीची आचारसंहिता लागली. ऑर्डर अडकली. मामांनी विचारलं, "येऊ का न्हाई?" बीडीओ साहेब म्हणाले, "या हो, निघतेच आहे ऑर्डर." मी वर शहाणपण शिकवलं, "या, पण ऑर्डर हातात पडेपर्यंत मस्टरवर सही करू नका. उगाच ऑडिटला सापडायचं." मामा आले. रोज आले. ऑर्डर निघाली ती एकेचाळीस दिवसांनी, त्याच तारखेपासून. मागच्या दिवसांचं त्यांना काही मिळालं नाही आणि त्यांनी विचारलंही नाही. मस्टरवर त्या एकेचाळीस रकान्यांमध्ये कोरा कागद तेवढा राहिला.

पुढे काही वर्षांनी वरून पत्र आलं. सलग दहा वर्षं काम केलेल्या कंत्राटी माणसांना कायम करण्याचा विचार आहे, त्यांची माहिती पाठवा. एक-दोन दिवसांचा खंड धरू नये, त्याहून मोठा असेल तर मात्र सलग सेवा समजू नये. आमच्याकडे त्यात बसू शकेल असा माणूस एकच होता.

मामांना मी पत्र वाचून दाखवलं. ते म्हणाले, "भाऊसाहेब, मला पगाराचं लई न्हाई. पर वळखपत्र भेटलं पायजे. सासुरवाडीला सोळा वर्सं झाले सांगून राहिलो, पंचायत समितीत हाय म्हणून. कागद कुनीच पाह्यला न्हाई." आमच्या गळ्यात निळ्या पट्टीची ओळखपत्रं असतात. आम्ही ती खिशात कोंबतो, गाडीच्या डिक्कीत विसरतो. त्यांना तीच हवी होती.

फाइल लावताना मला ते एकेचाळीस दिवस सापडले. मोजायला दिवस थोडे होते, पण सगळी सोळा वर्षं त्यांच्या अलीकडे आणि पलीकडे फुटून पडत होती आणि कुठल्याच बाजूला सलग दहा भरत नव्हती.

मामा पुरावा शोधायला लागले. सभांच्या इतिवृत्तात काही मिळेना. माइक कुणी लावला हे इतिवृत्तात कोण लिहितो? आठवड्याभराने ते एका जुन्या वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन आले. त्या एकेचाळीस दिवसांत सव्वीस जानेवारी पडली होती. फोटोत सभापती भाषण करत होते, आणि कडेला माइकचा स्टँड धरलेला एक हात होता, कोपरापर्यंत. पुढचे मामा कापले गेले होते.

बीडीओ साहेबांसमोर त्यांनी बाही वर केली आणि हात फोटोशेजारी धरला. "हा माझाच हाय साहेब. हे बगा, मशीननं भाजलेला चट्टा. ह्यात बी हाय, बगा." साहेबांनी चष्मा काढून फोटो जवळून पाहिला. माणूस वाईट नव्हता. "हात तुमचाच आहे हो मामा," ते म्हणाले, "पण नुसता हात आस्थापनेवर कसा घेऊ?" आम्ही हसलो. मामाही हसले. त्या हसण्याची मला आज किळस येते.

मग साहेब म्हणाले, "त्या वेळी जो आस्थापनेला होता त्याने लेखी द्यावं, की हा माणूस रोज कामावर होता." त्या वेळी मीच होतो. मी "बघतो साहेब" म्हणालो.

दाखला चार ओळींचा होता. मी लिहिलाही. मग ड्रॉवरमध्ये ठेवला. ऑर्डर नसताना माणूस कामावर घेतला कुणी, सही करू नको असं सांगितलं कुणी, हे प्रश्न माझ्यावरच आले असते. नोटीस, खुलासा, कदाचित चौकशी. आणि माझं नाव त्याच महिन्यात बढतीच्या यादीत होतं. मी तीन दिवस तो कागद ड्रॉवरमधून काढत होतो आणि परत ठेवत होतो.

चौथ्या दिवशी मामा आले. टेबलाच्या कडेला उभे राहून म्हणाले, "भाऊसाहेब, ते लिवून दिलं तर तुमच्यावर येईल का?"

मी नाही म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "येईल."

"मग ऱ्हाऊ द्या." आणि जाता जाता म्हणाले, "मोटर चालू हाय, बंद करून येतो."

मला त्या क्षणी रडू यायला हवं होतं. आलं नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं ते तसंच वाटलं. दाखला मी फाडला. असा कुणी माणूस नसला की आमच्याकडे एक शब्द लिहितात, 'निरंक'. तो टाइप करून मी माहिती जिल्ह्याला पाठवली. बढती मला मिळाली.

पुढच्याच वर्षी सभागृह, मोटर आणि आवार यांची देखभाल एका एजन्सीकडे द्यायचं ठरलं. मासिक सभेत तो विषय क्रमांक नऊ होता. टिपणी माझ्याच टेबलावरून गेली होती. मामांना ठाऊक होतं. विषयपत्रिकेच्या प्रती सदस्यांपुढे त्यांनीच मांडल्या होत्या. तरी सकाळी नेहमीसारखं माइकपुढे उभं करून त्यांनी मला सोयाबीनचे भाव वाचायला लावले.

विषय वाचायला मी उभा राहिलो आणि माइक कर्कश शिट्टी मारायला लागला. सदस्यांनी कान झाकले. मामा वाकून, कुणाच्या आड येऊ नये म्हणून जवळजवळ रांगत पुढे आले, वायर हलवली, माइक माझ्या तोंडापासून दोन बोटं लांब केला आणि हळूच म्हणाले, "आता वाचा." मी वाचलं. इतका स्वच्छ आवाज त्या सभागृहात कधी निघाला नसेल. सभापतींनी विचारलं, "मंजूर समजायचं ना?" चार-पाच जण "मंजूर, मंजूर" म्हणाले. विषय क्रमांक दहा बोअरवेलचा होता, त्यावर पाऊण तास भांडण झालं.

एजन्सीला पंचेचाळिशीच्या आतले लोक हवे होते. मामा तेव्हा त्रेपन्नाचे.

शेवटच्या दिवशी ते वहीच्या कागदावर यादी लिहून घेऊन आले. माइक तीन, स्टँड दोन, पाट्या अमुक इतक्या, मोटरखोलीची किल्ली. मी म्हटलं, मामा, कंत्राटी माणसाला चार्ज द्यावा लागत नाही. ते म्हणाले, "द्यायला पायजे. उद्या काई कमी निघालं तर कोन व्हतं म्हणतील?" मी सही केली, तारीख टाकली, शिक्काही मारला. त्याचा मला काही धोका नव्हता. त्यांनी कागदाची घडी घालून ती वरच्या खिशात ठेवली आणि गेले. टपरीवर थांबतील असं मला वाटलं होतं. थांबले नाहीत.

मधली वर्षं प्रशासकांची गेली. सदस्य नाहीत, सभा नाहीत, सभागृहाला कुलूप. मामा उदगीरच्या एका डाळमिलमध्ये राखणदारी करतात, असं कुणीतरी सांगितलं. मी उदगीरला चारदा जाऊन आलो आणि एकदाही मिलकडे वळलो नाही. वेळ होता. तोंड नव्हतं. मागच्या हिवाळ्यात ते गेल्याचं टपरीवाल्याकडून कळलं, तेही महिना उलटल्यावर.

आता निवडणुका झाल्या, नवे सदस्य आले. पहिल्या सभेची तयारी सुरू झाली. आमच्याकडे सभेची सुरुवात श्रद्धांजलीने होते. मधल्या वर्षांत वारलेले माजी सदस्य, कर्मचारी, तालुक्यातली मोठी माणसं, सगळ्यांची नावं वाचून दोन मिनिटं उभं राहायचं. यादी करायचं काम माझ्याकडे आलं. बरीच लांब झाली. शेवटी मी मामांचं नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, पूर्ण. लिहिताना हात थांबला, कारण इतक्या वर्षांत ते सगळं नाव मी फक्त ऑर्डरवरच लिहिलं होतं.

नव्या बीडीओ मॅडम यादी वाचत शेवटपर्यंत आल्या. हुशार आहेत, नियमाला पक्क्या आहेत, आणि इथलं जुनं त्यांना काही माहीत असायचं कारण नाही.

"हे कोण?" त्यांनी विचारलं. "आपले कर्मचारी होते का?"

मी टेबलाशी उभा होतो. या वेळी माझं काही जाणार नव्हतं. बढती झाली होती, निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. नुसतं 'होते' म्हणायचं होतं. पण इतक्या वर्षांची सवय. मॅडमनी जे विचारलं होतं त्याचं कागदावरचं उत्तर माझ्या तोंडात तयारच होतं.

"रेकॉर्डला नाहीत, मॅडम," मी म्हणालो, आणि त्यांनी सांगायच्या आधीच नाव खोडलं.